डर्क नोवित्स्की : रिंगखाली उभा न राहिलेला उंच माणूस

पाच_फाऊल

परवा क्रिकेटच्या धाग्यावर २०११ च्या विश्वचषकाच्या गप्पा चालल्या होत्या. मी सहज लिहून गेलो की त्या वर्षी दोन माणसांसाठी डोळ्यांत पाणी आलं, एकदा २ एप्रिलला वानखेडेवर आणि एकदा १२ जूनला मियामीत. तर तिघांनी विचारलं, मियामीत कोण? तर बास्केटबॉलवाला डर्क नोवित्स्की, म्हणून हा वेगळा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडं स्वतःचं. नववीत माझी उंची सहा फूट एक इंच झाली आणि आमच्या सरांनी माझा निकाल लावून टाकला : "तू रिंगखाली उभा राहा." नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टवर मी चार वर्षं रिंगखाली उभा होतो. चेंडू आला की उडी मारायची, रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घ्यायचा, चेंडू खेळवणाऱ्या बुटक्या गार्डच्या हातात द्यायचा आणि पुन्हा उभं राहायचं. ड्रिबल केला की शिट्टी. लांबून शॉट मारला की मैदानाला पाच चकरा. सर वाईट नव्हते, त्यांना त्यांच्या सरांनी तेच शिकवलं होतं. उंच पोरगा म्हणजे खांब.

आणि मग कुठूनतरी मिळालेल्या एका सीडीवर मी हा सात फुटी जर्मन बघितला. रिंगपासून वीस फुटांवर चेंडू घेऊन उभा, डाव्या पायावर मागे कलंडतोय, उजवा गुडघा वर, हात डोक्याच्या मागे, आणि चेंडू जाळीत. मी सीडी मागे घेऊन तो शॉट पाच-सहा वेळा बघितला. आमच्याकडे असा मारला असता तर चकरा पाच नाही, पंधरा पडल्या असत्या.

डर्कचा जन्म १९७८ चा, जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गचा. आई हेल्गा बास्केटबॉल खेळायची, वडील हँडबॉल. पोरगा आधी हँडबॉल आणि टेनिस खेळला, बास्केटबॉलकडे उशिरा आला. सोळाच्या आसपास असताना एका हॉलमध्ये होल्गर गेशविंडनर नावाच्या माणसाची त्याच्यावर नजर पडली. हा गेशविंडनर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या संघाचा कप्तान होता. गणित आणि भौतिकशास्त्रातला माणूस, सॅक्सोफोनचा शौकीन, आणि स्वभावाने पुरता विक्षिप्त. त्याने बांबेर्गजवळच्या राटेल्सडोर्फ नावाच्या खेड्यातल्या शाळेच्या हॉलमध्ये या पोराला घडवलं. तलवारबाजी करायला लावली, होडी वल्हवायला लावली, पुस्तकं वाचायला दिली. आणि चेंडू कोणत्या कोनातून सुटला तर चुकीला सगळ्यात जास्त वाव राहतो याचं कागदावर गणित मांडून त्याप्रमाणे शॉट बांधला. कुणाच्या शॉटची नक्कल नाही. या पोराचे हात, ही उंची, तर हा कोन. पैसे घेतले नाहीत. आमच्या चकरांचा हिशोब कुठे आणि हा हिशोब कुठे!

मार्च १९९८ मध्ये सॅन अँटोनिओला अमेरिकेची निवडक पोरं विरुद्ध जगातली निवडक पोरं असा सामना झाला. डर्कने ३३ गुण आणि १४ रिबाउंड काढले, अमेरिकेची पोरं हरली. तोवर त्याचं नावही फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्याच वर्षी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) मिलवॉकीच्या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं. बदल्यात त्यांना हवा होता रॉबर्ट ट्रेलर, टोपणनाव 'ट्रॅक्टर'. नावाप्रमाणेच रुंद, रिंगखाली उभा राहणारा. म्हणजे बघा, खांब घेतला आणि डर्क दिला. त्याच रात्री डॅलसने फिनिक्सकडून स्टीव्ह नॅश नावाचा एक बारकुडा गार्डही आणला.

पहिलं वर्ष भिकार गेलं. मालकांच्या टाळेबंदीमुळे हंगाम ५० सामन्यांचा, डर्कची सामन्यामागे सरासरी ८.२ गुण. डिफेन्स तर असा, की डॅलसचेच लोक त्याला 'इर्क' म्हणायला लागले, कारण याच्या नावात डिफेन्सचा 'डी' कुठे आहे! पोरगा परत जर्मनीला जायच्या विचारात होता. पण कोच डॉन नेल्सन हाही वल्लीच होता. त्याने सात फुटी माणसाला थ्री पॉइंटरच्या रेषेबाहेर, जिथून बास्केटला तीन गुण मिळतात तिथे, उभं केलं आणि मार म्हणाला. तिसऱ्या हंगामात सरासरी २१.८. त्या हंगामापासून सलग अकरा हंगाम डॅलसने किमान पन्नास सामने जिंकले.

आता दुखरा भाग. २००६ ची फायनल मियामीविरुद्ध, सातांपैकी चार सामने जिंकायचे. डॅलस २-० ने पुढे. तिसऱ्या सामन्यात शेवटच्या साडेसहा मिनिटांत हातात १३ गुणांची आघाडी. ती घालवली, आणि ३.४ सेकंद राहिले असताना डर्कचा एक फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळालेला मोकळा शॉट) हुकला. त्यानंतर मियामीचा ड्वेन वेड आवरला नाही, मालिका ४-२ ने गेली. पुढच्या वर्षी डॅलसने ६७ सामने जिंकले, डर्क लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरणार हे उघड होतं, आणि पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेटने त्यांना धूळ चारली. तिकडचा कोच कोण? डॉन नेल्सन! ज्याने डर्कला घडवलं त्यालाच त्याची प्रत्येक खोड ठाऊक. शेवटच्या सामन्यात डर्कचे १३ पैकी २ शॉट पडले, गुण ८. ड्रेसिंग रूमकडे जाताना त्याने कचऱ्याचा डबा उचलून भिंतीवर भिरकावला. ओकलंडच्या त्या भिंतीला पडलेलं भोक त्यांनी बुजवलं नाही. वर पारदर्शक काच बसवली, आणि पुढे डर्कने तिथे सहीसुद्धा केली!

एवढं झाल्यावर 'सर्वोत्तम खेळाडू'ची ढाल घ्यायला सूट घालून माध्यमांसमोर उभं राहायचं. वरातीला यावं आणि नवरी पळून गेलेली असावी, तसा त्याचा चेहरा होता. नंतर तो आणि गेशविंडनर ऑस्ट्रेलियात जाऊन भटकले. तिथून पुढची चार वर्षं एकच शब्द, 'सॉफ्ट'. युरोपातला आहे, लांबून मारतो, अंगावर येत नाही, म्हणून मऊ.

२०११ चं खालच्या प्रतिसादात लिहितो, हात दुखला.

मियामी_मिसळ

लेख झकास, पण जरा भक्तिभाव आवरा. २१ हंगामांत एक विजेतेपद. सॅन अँटोनिओच्या टिम डंकनची पाच. दोघेही पॉवर फॉरवर्ड, दोघेही टेक्सासात, तोच काळ. आणि डंकन दोन्ही बाजूंना खेळायचा. डर्कचा डिफेन्स 'इर्क'वरून फार पुढे गेला असं मला तरी आठवत नाही.

पाच_फाऊल

@मियामी_मिसळ, डंकन मोठाच. त्यात वाद घालणार नाही, घालणारा मूर्ख. पण २००६ मध्ये सॅन अँटोनिओच्या घरात सातवा सामना होता. काही सेकंद उरलेले, डॅलस तीनने मागे. डर्क रिंगवर चालून गेला, त्यांच्या जिनोबिलीचा फाऊल अंगावर घेऊन बास्केट केलं, वरचा फ्री थ्रोही टाकला, आणि जादा वेळेत सामना काढला. ३७ गुण, १५ रिबाउंड. डंकन समोरच होता. 'अंगावर येत नाही' म्हणणाऱ्यांना एवढा एक सामना दाखवावा.

डिफेन्सबद्दल तुमचं बरोबर आहे. बरा झाला, चांगला कधीच झाला नाही.

आता २०११. प्लेऑफ (विजेतेपदाच्या बाद फेऱ्या) सुरू झाले तेव्हा डॅलसला कुणी मोजत नव्हतं. जेसन किड ३८ वर्षांचा, पेजा स्टोयाकोविच उताराला लागलेला, २००६ मधले उरलेले दोघेच : डर्क आणि जेसन टेरी. टेरीने तर हंगामाआधीच दंडावर विजेतेपदाचा करंडक गोंदवून घेतला होता. या म्हाताऱ्यांनी गतविजेत्या लेकर्सना ४-० ने धुतलं. ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्या सामन्यात डर्कने ४८ गुण काढले, फ्री थ्रो २४ पैकी २४! एकही हुकला नाही. ३.४ सेकंदांचा तो एक फ्री थ्रो पाच वर्षं उशाशी घेऊन झोपलेल्या माणसाचे हे २४, असं मला त्या दिवशी वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

फायनलला समोर पुन्हा मियामी. वेड होताच, सोबत आता लेब्रॉन आणि बॉश. पहिला सामना गेला, त्यात डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध फाटला. दुसऱ्यात सात मिनिटं राहिली असताना डॅलस १५ ने मागे, आणि मियामीची पोरं डॅलसच्या बाकासमोरच आनंद साजरा करायला लागलेली. तिथून डॅलसने २२ गुण केले, मियामीने ५. संघाचे शेवटचे नऊ गुण एकट्या डर्कचे. जिंकून देणारा लेअप (रिंगजवळ जाऊन टाकलेला शॉट) मारला तो डाव्या हाताने, बोटाला पट्टी असलेल्या. तो मी आजही बघतो. बॉशला वळसा घालून आत शिरतो, चेंडू डाव्या हातात घेतो आणि बोर्डावर नुसता ठेवतो, देवघरात दिवा ठेवावा तसा.

चौथ्या सामन्यात अंगात ताप. बाकावर टॉवेल गुंडाळून खोकत बसायचा, कोर्टवर येऊन शॉट मारायचा. २१ गुण, पैकी १० शेवटच्या पावात, म्हणजे चौथ्या क्वार्टरमध्ये. जिंकले. पाचव्याच्या आधी वेड आणि लेब्रॉन कॅमेऱ्यासमोर खोटं खोटं खोकताना दिसले. @मियामी_मिसळ, यावर काही?

मियामी_मिसळ

काही नाही. लाज वाटली होती, एवढंच. पण सहाव्या सामन्यात तुमचा देव पहिल्या अर्ध्यात १२ पैकी १ होता, हेही लिहा ना!

पाच_फाऊल

लिहितो की. १२ पैकी १. टेरीने तोवर किल्ला लढवला. दुसऱ्या अर्ध्यात डर्कचे १८ गुण, १०५-९५. आणि भोंगा व्हायच्या आधीच हा माणूस टेबलावरून उडी मारून ड्रेसिंग रूममध्ये पळाला. तेरा वर्षं वाट बघितली आणि जिंकल्यावर कुणाला तोंड दाखवेना. आत एकटाच रडत होता, करंडक घ्यायला त्याला समजावून बाहेर आणावं लागलं. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. मी डबा भरता भरता टीव्ही बघत होतो. भाजी करपली. बायकोने विचारलं, कोण गेलं?

कुंकवाचा_करंडा

"कोण गेलं" 😂

मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण सगळं वाचलं. त्या 'ट्रॅक्टर'चं पुढे काय झालं?

पाच_फाऊल

त्याचं वाईट झालं. सात हंगाम एनबीए, मग देशोदेशी खेळत राहिला. हृदयविकाराने पोर्तो रिकोत गेला, वय ३४. तारीख ११ मे २०११. तीनच दिवसांपूर्वी डॅलसने लेकर्सना उडवलं होतं. अदलाबदलीचा विषय निघाला की लोक त्याच्या नावावर हसतात, मलाही वर लिहिताना हसू आलं होतं. त्या बिचाऱ्याने डर्कच्या बदल्यात मला घ्या असं कुणाला सांगितलं नव्हतं.

गणित_सर

कोनाचा विषय निघालाच आहे तर थोडी शाळा घेतो. रिंगचा व्यास साधारण ४५ सेंमी, चेंडूचा २४. चेंडू सरळ वरून पडला तर त्याला पूर्ण ४५ चं तोंड मिळतं. तिरका आला की तोंड चिंचोळं होतं, ४५ गुणिले कोनाची ज्या (साइन) एवढंच. ३५ अंशांनी आला तर सुमारे २६ सेंमी, म्हणजे चेंडू जेमतेम मावतो. ४५ अंशांना ३२. ५५ अंशांना ३७. ३२ अंशांच्या खाली गेलात तर कडेला न लागता आत जाणं शक्यच नाही.

मग सगळेच उंच का मारत नाहीत? कारण जितका उंच झोका, तितका जोर जास्त, आणि जोरातली बारीकशी चूक लांबवर जाऊन मोठी होते. बुटक्याला हा सौदा महाग पडतो. सात फुटी माणसाने हात वर ताणून उडी मारली की चेंडू सुटतानाच जवळपास रिंगच्या उंचीला असतो, त्यामुळे त्याला तो परवडतो. वर मागे कलंडून मारला की अडवणाऱ्याचा हात पोचत नाही, आणि उचललेला गुडघा मध्ये कुंपणासारखा. दिसायला वेडावाकडा, पण हिशोबात चोख.

बाय द वे, हा प्रश्न मी अकरावीला घालतो. सचिनच्या स्ट्रेट ड्राइव्हवर घातला की पोरं जागी राहतात, यावर घातला की झोपतात. काय करावं?

प्लेनोकर

उशिरा आलो, धागा आत्ता दिसला. मी डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहतो, २००८ पासून. आमच्या आळीत तेलुगू, मराठी, गुजराती सगळी सॉफ्टवेअरची मंडळी. क्रिकेट सोडून कशावर एकमत झालं असेल तर ते डर्कवर. का, तर 'बाहेरून आला आणि इथलाच झाला'. एच-वन-बीवाल्यांना याचं काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

९ एप्रिल २०१९ चा शेवटचा घरचा सामना मी आतून बघितला, अगदी वरच्या रांगेतून. तिकिटाचा आकडा सांगत नाही, घरचे हा धागा वाचतात. फिनिक्सविरुद्ध, गुण ३०. वय ४०, घोट्याचं ऑपरेशन झालेलं, पळताना अक्षरशः गाडा ओढल्यासारखा दिसत होता. पण शॉट तोच. चेंडू त्याच्या हातात आला की अख्खा हॉल उभा, हुकला तरी टाळ्या. सामन्यानंतर अंधार करून कोर्टवर एकेक जण आले : बर्ड, बार्कली, पिपेन, केम्प, श्रेम्प्फ. लहानपणी त्याने ज्यांना डोक्यावर घेतलं ते सगळे. तेव्हा कुठे त्याने माइक घेऊन सांगितलं की हा इथला शेवटचा सामना. मला वाटतं तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते आधीच ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत कुणी मानायला तयार नव्हतं.

२१ हंगाम एकाच संघात, हा विक्रम. गुण ३१,५६०. निवृत्त झाला तेव्हा सगळ्या इतिहासात सहावा. हॉलबाहेरच्या रस्त्याला आता त्याचं नाव आहे. २०२२ च्या नाताळात पुतळा बसवला. एका पायावर, गुडघा वर, हाच तो शॉट. कुणी भारतातून आलं की मी आधी तिथे नेतो. लोक केनेडींना गोळी लागली ती जागा बघायला आलेले असतात.

सातारी_कंदी

निष्ठा वगैरे ठीक, पण पगार कमी करून घेतला ते कुणी लिहिलंच नाही. २०१४ मध्ये दुसरे संघ बक्कळ पैसा घेऊन मागे लागले होते, हा डॅलसकडे तीन वर्षांच्या अडीच कोटी डॉलरवर राहिला, का तर वाचलेल्या पैशांत संघाला दुसरे खेळाडू घेता यावेत. घेतले ते काही फार कामाला आले नाहीत, तो भाग वेगळा. आणि त्याच्या नंतर ज्याच्या हाती संघ दिला त्या लुका डोंचिचला २०२५ मध्ये डॅलसने लेकर्सला देऊन टाकलं. खेळाडूने निष्ठा ठेवायची, मालकाने व्यवहार बघायचा!

प्लेनोकर

लुकाचा विषय काढू नका हो. आमच्याकडे अजून सुतक आहे.

कुंकवाचा_करंडा

मग त्या सतनामसिंगचं काय? तो पण डॅलसचाच ना? टीव्हीवर फार गाजला होता तेव्हा.

प्लेनोकर

हो, २०१५ चा ड्राफ्ट, ५२ वा क्रमांक, पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. एनबीएत मात्र एकही सामना मिळाला नाही. डॅलसच्या दुय्यम संघाकडून, टेक्सस लेजंड्सकडून खेळायचा, ते आमच्या शेजारच्या फ्रिस्कोत. मी दोनदा गेलो होतो. चौथ्या पावात शेवटची काही मिनिटं उतरवायचे. आमची पोरं तिरंगा घेऊन ओरडायची.

पाच_फाऊल

सतनामबद्दल बोलायचंच होतं. तो गेला तेव्हा त्याचा खेळ म्हणजे रिंगखाली पाठ लावून उभं राहणं. आणि २०१५ पर्यंत एनबीएत त्या कामाला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. सात फुटी माणसालाही बाहेर येऊन शॉट मारता आला पाहिजे, पळता आलं पाहिजे. ही मागणी निर्माण करणाऱ्यांत पहिल्या रांगेत डर्कच. म्हणजे ज्या संघाने आपल्या माणसाला निवडलं, त्याच संघातल्या म्हाताऱ्याने त्याचं दुकान सतरा वर्षांत बंद करून ठेवलं होतं. दोष सतनामचा नाही. त्यालाही कुणीतरी लहानपणी उंची मोजून रिंगखाली उभं केलं असणार.

मियामी_मिसळ

हे पटलं. पुतळ्याचं नाही, पण हे पटलं.

आणि एक. २०२३ ला हॉल ऑफ फेमच्या स्टेजवर डर्क आणि वेड एकाच रात्री होते. २००६, २०११, तो खोकला, सगळं धरून. आम्ही इथे प्रतिसादांत भांडतोय आणि ते दोघे तिकडे आपापली जॅकेटं घालून हसत होते.

आठवीची_आई

पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा आठवीत आहे, उंची पाच फूट अकरा. शाळेच्या संघात घेतलंय आणि सर म्हणतात त्याने फक्त रिंगखाली थांबायचं, ड्रिबल करायचा नाही. घरी मात्र गच्चीत बादली टांगून लांबून मारत असतो. मी सरांशी बोलावं का? की त्याचं त्याला करू द्यावं? आम्हीही नागपूरचेच.

पाच_फाऊल

ताई, सरांशी भांडू नका, संघाबाहेर बसवतील. शाळेत सांगतील तिथे उभा राहू दे, रिबाउंड शिकणंही वाया जात नाही. पण रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही काही रिटायर्ड खांब खेळतो, तिथे पाठवा. मैदानाचा पत्ता निरोपातून कळवतो. पाण्याची बाटली आणि चांगले बूट हवेत, सिमेंटचं कोर्ट आहे, गुडघे सोलतात. ड्रिबल, लांबचा शॉट, जे हवं ते करू दे. मागे कलंडायचं मात्र सहा महिन्यांनी, आधी सरळ उभं राहून मारता आलं पाहिजे.

आणि बादली किती उंचीवर टांगलीय तेवढं कळवा. @गणित_सर, तुम्हीही या, कोन मोजायला कुणीतरी लागेल.

गणित_सर

साडेसहा जरा लवकर होतं. सात?

आठवीची_आई

पाठवते. बादली त्याच्या बाबांनी बांधलीय, आठ फुटांवर असेल. बुडाला भोक पाडलंय. माझी नवीन बादली होती.